बैल पुढे जुंपतात, म्हणून इंजिनानंही पुढचीच चाकं फिरवावीत?

उसाची तोड सुरू झाली आणि पहाटे गवतावर दव दिसू लागलं की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज नव्यानं उगवतो. सोबत बर्फात रुतलेल्या कुठल्याशा परदेशी गाडीचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: थंडीत आणि निसरड्या रस्त्यावर पुढच्या चाकांवर चालणारी, म्हणजे इंजिन पुढची चाकं फिरवतं ती गाडीच सुरक्षित, कारण बैल गाडीच्या पुढे जुंपतात, मागे नाही. अशी गाडी घाट आरामात चढते, तिचा ब्रेक लवकर लागतो, ती घसरत नाही. मागची चाकं ढकलतात ती गाडी घाटात नेऊ नका, बर्फाळ देशांत तर तिच्यावर बंदीच आहे. शेवटी जोडलेले हात.

यंदा तो माझ्या भाच्यानं पाठवला. तो बेळगावजवळच्या खानापूरला असतो, त्याच्याकडे मागच्या चाकांवर चालणारी जुनी सात सीटची गाडी आहे आणि मेसेजखाली त्यानं लिहिलं होतं, "मामा, ही काढून टाकावी म्हणतो." फोनवर एवढं सगळं सांगणं होईना, म्हणून लिहायला बसलो.

आधी बैल. बैलाला स्वतःचे खूर असतात. तो त्यांवर जोर देऊन ओढतो आणि गाडीची चाकं नुसती मागून गरगरत येतात. मोटारीत जे चाक भार वाहतं तेच रस्त्याला रेटतं. म्हणून तिथं प्रश्न ओढण्या-ढकलण्याचा नसतो, फिरणाऱ्या चाकावर किती वजन दाबून बसलंय याचा असतो. पुढच्या चाकांच्या छोट्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढच्या चाकांच्या डोक्यावर. रिकामी गाडी सपाटीवर उभी असेल तर शंभरातलं साठेक वजन पुढं. चिखलात किंवा बर्फात जागेवरून हलताना ती बरी वाटते ती यामुळे, आणि मेसेजात एवढं खरं आहे. पण हे श्रेय वजनाचं. फोक्सवॅगनची बीटल बघा: इंजिन मागे, चालणारी चाकंही मागचीच, आणि बर्फात चालणारी गाडी म्हणून तिचं नाव झालं. पोर्शे ९११ ची मांडणीही तशीच. इतक्या लांब कशाला जायचं, खानापूरच्या भातशेतात चिखलणीला ट्रॅक्टर उतरतो तेव्हा जोर मागच्या मोठ्या चाकांचाच असतो. तो उलटा फिरवून चालवा असं अजून कुणी सुचवलेलं नाही.

आता घाट. बेळगावकराचा घाट म्हणजे चोर्ला, अनमोड, आंबोली, आणि हिंमत असेल तर तिलारी. चढणीवर वजन मागे सरकतं. नुसत्या चढाचा परिणाम वाटतो तेवढा नसतो. दहा टक्के चढावर पुढच्या चाकांवरच्या साठाचे अठ्ठावन्न होतील, फार तर. खरा फरक माणसांनी आणि डिकीनं पडतो. मागच्या सीटवर तिघं, डिकीत दोन बॅगा, गोव्याहून येताना नारळांचं पोतं (आत्या ते देतेच, नाही म्हणता येत नाही), की ते साठ पन्नासाकडे येतात. ओल्या वळणावर, दुसऱ्या गिअरमध्ये, पुढचं चाक भुर्रकन जागेवर फिरतं ते अशा वेळी. हाच बोजा मागच्या चाकांच्या गाडीला मात्र मदत करतो. १९८३ च्या अखेरीला मारुती ८०० आली तोवर अँबेसेडर काय, पद्मिनी काय, आपल्याकडच्या जवळपास सगळ्या मोटारी मागच्याच चाकांवर चालत होत्या आणि आपले आईवडील त्यांतूनच कोकणात उतरत होते. आजही कर्नाटकाची बस असो की महाराष्ट्राची लालपरी, रेटा मागच्या चाकांचाच. सीमाप्रश्न आहे तिथं आहे, या एका गोष्टीवर तरी दोन्ही सरकारांचं एकमत आहे.

मेसेजवाल्यानं जी गोष्ट खरोखर सांगायला हवी होती ती त्यानं सांगितलीच नाही: मागच्या चाकांची गाडी अडते ती रिकामी असताना. बेळगावची भाजी रोज पिकअपमधून गोव्याला जाते. भरलेली गाडी चोर्ला उतरते आणि रिकामी चढते. म्हणजे मागच्या चाकांना वजन हवं तेव्हा नेमका हौदा मोकळा. बर्फाळ मुलुखात पिकअपवाले थंडीत मागच्या एक्सलवर वाळूची पोती टाकून ठेवतात ते यासाठीच.

याचा धडा मी स्वतः घेतलाय. मागच्या चाकांची जुनी व्हॅन होती माझ्याकडे. जूनचा पहिला पाऊस, रस्त्यावर वर्षभराची धूळ आणि तेल भिजून साबणासारखं झालेलं. गोव्यात सामान उतरवून एकटाच परत येत होतो. चोर्ल्याच्या वाटेवर, कणकुंबीच्या अलीकडच्या वळणावर जरा जास्त रेस दिली आणि व्हॅनचा मागचा भाग मला ओलांडून पुढं जायला निघाला. नशीब, समोरून कुणी नव्हतं. गाडी गटाराच्या काठावर आडवी थांबली. बरेच दिवस मी त्या व्हॅनलाच शिव्या दिल्या. नंतर टायर बदलायला गेलो तेव्हा दुकानदारानं मागच्या टायरवरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "ह्याच्यावर कॅरम खेळता येईल की!" नवे दोन मीच पुढे घातले होते, घासलेले मागे.

ही सवय आपल्याकडे सर्रास आहे. पुढच्या चाकांच्या गाडीत पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून नवी जोडी पुढे आणि जुनी मागे. टायर बनवणारे याच्या उलट सांगतात: दोनच नवे घेणार असाल तर ते मागे घाला, गाडी कुठल्याही चाकांवर चालणारी असो. कारण पुढची पकड सुटली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाते. तेही वाईटच, पण ॲक्सिलरेटर हळू सोडला की बहुधा नाक परत वळतं. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सावरायला हात शिकलेला लागतो. आता "पुढच्या चाकांची गाडी घसरत नाही" हा दावा यावर घासून बघा. तिच्या मागच्या टायरांची नक्षी गेलेली असेल आणि ओल्या उताराच्या वळणावर घाबरून तुम्ही पाय एकदम उचलला, तर वजन पुढं झुकतं, मागचं टोक हलकं होतं आणि ते बाहेर फेकलं जातं. तिथं चालतं चाक कुठलं, याला किंमत नाही.

अर्थात, नवशिक्याला पुढच्या चाकांची गाडी जास्त चुका माफ करते, हे मी मान्य करतो. वळणात जास्त रेस दिली तरी तिचं नाक बाहेर सरकतं, ती शेपूट मारत नाही. घाट उतरतानाही तिची एक बाजू उजवी आहे: इंजिनाचा ब्रेक पुढच्या चाकांवर येतो आणि उतारावर वजनही तिथंच असतं. मागच्या चाकांच्या गाडीत ओल्या उतारावर खटकन खालचा गिअर टाकून क्लच सोडला तर मागची चाकं क्षणभर अडतात आणि घसरतात. भाच्याला हे मी वेगळं सांगितलंय: गिअर वळणाआधी टाक, वळणात नको.

ब्रेकच्या दाव्यावर फार शाई घालवत नाही. ब्रेक चारही चाकांना असतात. इंजिन कुठली चाकं फिरवतं याचा आणि गाडी किती अंतरात थांबते याचा तसा संबंध नाही. संबंध टायरचा, रस्त्याचा आणि वेगाचा. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतर चौपट. उलट पुढच्या चाकांची गाडी ओल्यात झटकन पळते, म्हणून चालकाला वाटतं रस्ता धरतोय, आणि थांबायच्या वेळी कळतं की धरत नव्हता.

राहिली बंदी. जर्मनीत २०१० पासून कायदा आहे, पण तो टायरांचा: रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाचा चिखल असेल तर हिवाळी टायर असलेच पाहिजेत. चालतं चाक कुठलं हे तो विचारत नाही, आणि त्याच देशात मागच्या चाकांच्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू बनतात. हिवाळी टायरचं रबर वेगळं असतं. पारा सात अंशांखाली गेला की साधं रबर कडक होत जातं आणि हे मऊ राहतं. बेळगावच्या थंडीला त्या टायरांची गरज नाही, तेव्हा उद्या कुणी तेही विकायला आलं तर घेऊ नका.

आमच्या हिवाळ्याचा धोका वेगळाच आहे. पहाटेचं धुकं, शेतातून डांबरावर आलेला ट्रॅक्टरचा चिखल, आणि धुक्यात पुढं चाललेली उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, बाजूंनी ऊस हातभर बाहेर. संकेश्वर, निपाणीकडे रात्री गाडी चालवणाऱ्याला हे सांगायला नको. तिच्यावर मागून आदळणाऱ्याला पुढची चाकं वाचवत नाहीत, मागचीही नाहीत.

रविवारी खानापूरला गेलो. गाडी अंगणात जांभ्याच्या गडग्याला लागून उभी होती. भाचा नव्या गाडीच्या हप्त्याचा हिशेब मोबाईलवर दाखवत होता. मी खाली बसलो. टायरच्या खाचांत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी १.६ मिलिमीटर उरली की ती त्यांच्या बरोबरीला येते. पुढच्या दोन्ही टायरांवर अजून अंतर होतं. मागच्या उजव्या टायरवर उंचवटा आणि नक्षी एकाच पातळीत, बोट फिरवलं तर अडखळत नव्हतं. कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चिखल पुसून त्याला वाचायला लावले.

"तीन, एक, एक, चार," तो म्हणाला. मग थोडा वेळ गप्प बसला. "म्हणजे मामा, हा टायर २०१४ चा?"