तीन क्लिकांचा नियम कुणी तपासून पाहिलाय का?

कोल्हापुरातल्या शाळा-कॉलेजांच्या आणि पतसंस्थांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: वेबसाइटवरची कुठलीही गोष्ट तीन क्लिकांत मिळालीच पाहिजे, चौथ्या क्लिकला माणूस निघून जातो. मेन्यूत सातपेक्षा जास्त नावं नकोत, कारण मेंदूला सातच गोष्टी पेलतात. आणि सर्चची पेटी दिली की मेन्यूची काळजी करायचं कारणच नाही.

वेबसाइटची मांडणी हेच माझं काम. हा मेसेज प्रमाण मानून बांधलेली एका शिक्षणसंस्थेची साइट दुरुस्तीला माझ्याकडे आली, म्हणून लिहितोय.

आधी तीन क्लिक. हा नियम तपासला गेलाय, आणि त्यालाही वीसेक वर्षं झाली. 2003 मध्ये वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जोशुआ पोर्टर यांनी 44 जणांनी केलेल्या 620 कामांची नोंद तपासली. आठ हजारांवर क्लिक होते. तिसऱ्या क्लिकनंतर लोक सोडून जातात असं त्यात दिसलंच नाही, काही जण तर पंचवीस क्लिकांपर्यंत गेले. क्लिक जास्त झाले म्हणून काम फसलं किंवा माणूस वैतागला, असाही संबंध सापडला नाही. वैताग आला तो हवी ती गोष्ट न सापडल्याचा.

यामागचं कारण त्याच्याही आधी, 1990 च्या दशकात पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड या संशोधकांनी मांडलं होतं. जनावर वासावर भक्ष्याचा माग काढतं, तसा माणूस माहितीचा माग काढतो. लिंकच्या नावाला हव्या त्या गोष्टीचा वास येत असला की तो पुढं जात राहतो. वास तुटला की थांबतो, मग तो पहिलाच क्लिक का असेना.

त्या संस्थेच्या साइटवर नेमकं हेच झालं होतं. तीन क्लिकांत बसवायचं म्हणून सगळ्या लिंका पहिल्याच पानावर ओतलेल्या. मी ऑफिसात बसलो होतो तेव्हा गारगोटीकडून एक ताई मुलाचं बोनाफाईड घ्यायला आल्या. अर्ज साइटवर आहे असं क्लार्कनं सांगितल्यावर त्यांनी तिथंच मोबाइल काढला. अंगठ्यानं पान वर सरकवत राहिल्या, पुन्हा खाली आणलं आणि फोन माझ्यापुढं धरला. "ह्यात कुठं हाय ओ ते बोनाफाईड?" ते 'आस्थापना विभाग' या नावाखाली होतं. दोन क्लिक. नियम तंतोतंत पाळलेला, आणि ताई एसटीचे पैसे मोडून काउंटरवर उभ्या.

खरी चूक इथं होती. मेन्यू ऑफिसातल्या खुर्च्यांप्रमाणं लावला होता. बोनाफाईड आस्थापनाकडं, मार्कलिस्ट परीक्षा विभागाकडं, फीची पावती लेखा विभागाकडं. कुठला कागद कुठल्या टेबलावर निघतो हे आतल्या माणसाला पाठ असतं. पालकांनी ते का पाठ करावं?

आम्ही चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एक गोष्ट, अशा चाळीस. पालक, विद्यार्थी, दोन शिपाई, सगळ्यांना टेबलावर पसरून दिल्या आणि सांगितलं, तुम्हाला जे एकत्र वाटतं ते एकत्र ठेवा आणि ढिगाला नाव द्या. जवळजवळ प्रत्येकानं बोनाफाईड, शाळा सोडल्याचा दाखला आणि मार्कलिस्ट एका ढिगात टाकली. नाव दिलं 'कागदपत्रं'. मग नुसता मेन्यू कागदावर लिहून दुसऱ्या लोकांना विचारलं, "दाखला काढायचाय, कुठं बोट ठेवाल?" चित्रं, रंग काही नाही. बोट चुकीच्या नावावर गेलं की ते नाव बदललं. आता बोनाफाईडला एक क्लिक जास्त लागतो. कागदपत्रं, मग दाखले, मग बोनाफाईड.

मेसेजमधलं एक मात्र खरं. आजरा, गगनबावड्याकडं रेंज नसते आणि प्रत्येक पान उघडायला वेळ जातो, म्हणून उगाच पायऱ्या वाढवू नयेत. पण त्याच रेंजमध्ये शंभर लिंकांचं जड पान उघडणं त्याहून अवघड.

सातचा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या 1956 च्या लेखातला. त्यांचा विषय होता क्षणभर लक्षात काय राहतं हा. मेन्यू लक्षात ठेवायचा नसतो, तो समोर दिसत असतो. सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडच्या फलकावर गावांची भली मोठी यादी असते, आपण आपलं गाव तेवढं शोधतो.

सर्चचं म्हणणं मराठी साइटला सगळ्यात घातक आहे. एकच कागद कुणी 'गुणपत्रिका' म्हणून शोधतं, कुणी 'मार्कलिस्ट', कुणी तेच रोमन लिपीत टाइप करतं. इथं घरपट्टीला 'घरफाळा' म्हणतात. साइटवर 'मालमत्ता कर' एवढंच लिहिलेलं असेल, तर साध्या सर्चला दोन्ही एकच हे कळत नाही. त्यात नोटिसा स्कॅन करून टाकलेल्या, म्हणजे नुसते फोटो. नाहीतर पीडीएफ युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधल्या. डोळ्यांना त्या मराठी दिसतात, सर्चला आत भलतीच अक्षरं सापडतात. सर्च जरूर द्या, पण लोकांनी काय टाइप केलं आणि काहीच मिळालं नाही, ती यादी दर महिन्याला वाचा. आम्हाला 'टीसी' (शाळा सोडल्याचा दाखला) हा शब्द त्या यादीतच सापडला. साइटवर तो एकदाही लिहिलेला नव्हता.

आणि मांडणी बदलताना जुने पत्ते मोडू नका. माहितीपत्रकावर छापलेला क्यूआर कोड लोकांच्या घरात तसाच असतो. जुना पत्ता नव्या पानाकडं वळवून ठेवायला एका दुपारचं काम लागतं.

त्या संस्थेत शिष्यवृत्तीचं पान अजून दोन विभागांच्या वादात अडकलंय. दोघांनाही ते आपल्याच नावाखाली हवंय. शनिवारी चिठ्ठ्या घेऊन पुन्हा जातोय. या वेळी दोन्ही विभागप्रमुखांना पालकांच्या शेजारी बसवणार आहे.