"अजून दूधच उतरलं नाही!"

मागच्या आठवड्यात भाची बाळंत झाली म्हणून दवाखान्यात गेले. सिझेरियनचा दुसरा दिवस. बघते तर बाळाच्या ओठांना मध, उशाशी दुधाच्या पावडरचा डबा आणि भाची भिंतीकडे तोंड करून मुसमुसतेय. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "काय करणार ताई, अजून दूधच उतरलं नाही. लेकरू उपाशी ठेवायचं का?"

मला त्यांचा राग नाही आला. त्यांच्या बाळंतपणात त्यांनाही हेच ऐकवलं असणार. पण अहो, पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक! घट्टसर, पिवळसर, एका वेळी चमचाभर. पहिल्या दिवशी बाळाला लागतंही तेवढंच. त्यात रोगांशी लढणारी प्रतिपिंडं ठासून भरलेली असतात, ती बाळाच्या आतड्याला आतून राखतात. म्हणून तर अंगावर पिणाऱ्या बाळांना जुलाब, न्यूमोनिया कमी होतात. गाय व्यायची असली की खरवसासाठी आठ दिवस आधी सांगून ठेवतो आपण, आणि बाईचा चीक मात्र "खराब दूध" म्हणून पिळून टाकायला लावतो.

मध तर वर्षाच्या आत बोटभरही नको. त्यातून बोट्युलिझमचे, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या गंभीर आजाराचे, जंतू तान्ह्याच्या पोटात जाऊ शकतात.

खरी गोम पावडरमध्ये आहे. बाळ जितकं ओढतं तितकं दूध बनतं. वाटीभर पावडर पाजली की ते ढाराढूर झोपतं, ओढत नाही, आणि मग दूध खरंच कमी येतं. वर "बघा, मी म्हटलं नव्हतं?" आहेच.

पावडर म्हणजे विष नव्हे. डॉक्टरांनी सांगितली तर द्यायचीच, आणि ज्या आईला पाजता येत नाही तिला कुणी टोमणे मारू नयेत. सायनच्या रुग्णालयात तर 1989 पासून मातृदूधपेढी आहे, दुसऱ्या आईचं दूध नाजूक बाळांपर्यंत पोचवणारी. पण ज्या घरात नुसती धीराची गरज आहे तिथे डबा कशाला?

शेवटी एका सिस्टरने बाळाला भाचीच्या काखेखाली धरून दाखवलं, म्हणजे टाक्यांवर भार नको. नुसतं टोक नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे म्हणाली. दहा मिनिटांत गिळण्याचा आवाज आला. पुरतंय का हे ओळखायची खूणही तिनेच सांगितली: पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत.

काल भाचीचा फोन आला. "मावशी, सासूबाई लंगोट मोजतायत. आज आठ झाले म्हणून सगळ्या आळीला सांगून आल्या."