जॉन, इव्हान आणि शॉन: एका प्रतिक्रियेला उत्तर

एकाच नावाची वेगवेगळ्या भाषांतली रूपं मी एका तक्त्यात एकेका ओळीत मांडली होती. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: जॉन, इव्हान आणि शॉन यांना एकच नाव म्हणणं ओढूनताणून आहे, त्यापेक्षा जॉन आणि जोनाथन जवळचे वाटतात. आणि जेम्स म्हणजेच जेकब हा तर कहर!

जॉन आणि जोनाथन जवळचे वाटतात खरे. पण जॉनचं मूळ हिब्रू 'योहानान' (देवाने कृपा केली), तर जोनाथनचं 'येहोनातान' (देवाने दिलं). सामाईक आहे ते फक्त देवाचं नाव, पुढचं क्रियापद वेगळं.

आता इव्हान. योहानानमधला घशातला 'ह' लिहायची ग्रीक लिपीत सोय नव्हती. तो गळाला, शेवटी पुल्लिंगी प्रत्यय लागला आणि 'इओआनेस' झालं. रशियनांकडे नाव आलं ते ग्रीक परंपरेच्या चर्चमधून. तिथे प्रत्यय गेला आणि 'आ'च्या आधीच्या 'ओ'चा 'व' झाला; सु + आगत = स्वागत आठवा. आजही रशियन बायबलमध्ये 'इओआन' आहे आणि व्यवहारात 'इव्हान'.

आयर्लंडमध्ये तर हे नाव दोनदा आलं. आधी चर्चच्या लॅटिनमधून, त्याचं 'ओअन' झालं. मग बाराव्या शतकात नॉर्मन आले, त्यांच्या फ्रेंच 'जेहान'मधला 'ज' आयरिशमध्ये नव्हता, म्हणून जवळचा 'श' घेतला: शॉन. दोन्ही रूपं अजून वापरात आहेत, आणि आयरिश बायबलमधला योहान (इंग्रजीत जॉन) 'ओअन'च आहे.

जेम्सचं कोडं लॅटिनमध्ये सुटतं. 'याकोबुस'चं उत्तरकालीन रूप 'याकोमुस', 'ब'च्या जागी 'म'. त्यातून इटालियन जाकोमो आणि जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजी जेम्स. इंग्रजीने जुन्या करारातल्या कुलपित्याला जेकब ठेवलं आणि येशूच्या प्रेषिताला (शिष्याला) जेम्स. मराठी बायबलमध्ये दोघेही याकोबच, त्यामुळे आपल्याला हा घोळ जाणवतच नाही.

पडताळायचं असेल तर दोन गोष्टी लागतात: त्या त्या भाषेच्या बायबलमध्ये त्याच व्यक्तीला काय म्हटलंय ते, आणि मधला प्रत्येक ध्वनिबदल. नुसत्या दिसण्यावर गेलात तर फसाल. डच 'यान' हा पुरुष, रोमन लिपीत हुबेहूब तसंच लिहिलं जाणारं इंग्रजी 'जॅन' बहुधा जॅनेटचं लघुरूप. नुसती व्यक्ती जुळूनही भागत नाही: कुराणातला याह्या हाच बाप्तिस्मा देणारा योहान, पण अरब ख्रिश्चन त्याला 'युहन्ना' म्हणतात. तक्त्यात मी जॉनच्या ओळीत युहन्ना ठेवलाय आणि याह्याला वेगळी ओळ दिलीय, ती यासाठीच.