‘घट्ट काळजाच्या पोरांसाठी’ म्हणे!

परवा वणीहून मोठ्या बहिणीचा फोन. भाचा आयटीआयचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडतो म्हणतोय. कारण काय, तर व्हॉट्सॲपवरचा मेसेज : ‘टेन्शन झेलणाऱ्यांसाठी कारखान्यातले 7 जॉब’. मला तोच चार ठिकाणांहून आलाय, एकदा तर भजनी मंडळाच्या ग्रुपवर. त्याचं सार असं : शेतकऱ्याच्या पोराला ताणाची जन्मजात सवय, म्हणून भट्टी, बॉयलर, क्रेन, बारूद, रात्रपाळी ही कामं त्याचीच. सर्टिफिकेट लागत नाही, काळीज लागतं. बारा तास करा, दीडपट पगार घ्या.

आधी ही ‘जन्मजात सवय’ पाहू, कारण डोकं तिथंच फिरलं. हे कोणाला सांगता? यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला? 2006 मध्ये शेतकरी आत्महत्यांपायी पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, ते काय इथली काळजं पोलादी होती म्हणून?

आणि वावरातला ताण वेगळा, भट्टीपुढचा वेगळा. आमचा बाप मे महिन्यात वखर हाणायचा, पण पहाटे पाचला जुंपायचा अन् दहाला सोडायचा. मग निंबाखाली पाठ टेकायची, पुन्हा चारनंतर. कधी थांबायचं ते त्याच्या हातात होतं. भट्टीपुढे ते सुपरवायझर ठरवतो. रॉबर्ट कारासेक या संशोधकानं 1979 मध्येच मांडलंय, की कामाचा रेटा मोठा आणि त्यावर स्वतःचा ताबा नाही, तिथं ताण सगळ्यात जास्त. माणूस कोणाच्या पोटचा, हा मुद्दाच येत नाही.

बारुदीबद्दल मेसेज म्हणतो, ‘डरपोकांनी लांब राहावं’. नागपूर-भंडाऱ्याकडच्या बारूद कारखान्यांतले स्फोट आठवा. बाजारगाव, डिसेंबर 2023 : 9 जीव गेले, त्यात 6 बाया. धामना, जून 2024. जवाहरनगर, जानेवारी 2025 : आणखी 8. हे सगळे काय डरपोक होते? तिथं एका शेडात माल किती, माणसं किती, याची मर्यादा ठरलेली असते. ती मोडताना जो भितो, तोच माणूस त्या कामाला बरा.

आता बारा तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 2021 मध्ये मिळून सांगितलं : आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्याला, 35 ते 40 तास करणाऱ्याच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्के जास्त आणि हृदयविकारानं मरण्याचा 17 टक्के. मेसेजातला पोरगा सहा दिवसांत 72 तास भरतो. वर हिशेबातही लुबाडणूक. 48 च्या वरच्या तासाला दुप्पट दर, हे 1948 च्या कारखाने कायद्यात होतं आणि नव्या कामगार संहितेतही जादा तासाला दुप्पटच आहे. म्हणजे 72 तासांचे पैसे 96 तासांचे, 48 च्या सरळ दुप्पट. दीडपट देणारा जादा तासाला साधाच दर देतो आणि वर उपकार दाखवतो.

रात्रपाळीवर जास्त लिहीत नाही. ती कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरते, असं कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था 2007 पासून सांगतेय.

एक गोष्ट मात्र कबूल, जिवावर येतं तरी. क्रेनवर, कंट्रोल रूमच्या पॅनलवर, लाइन बंद पडल्यावर धावणाऱ्या इलेक्ट्रिशियनला थंड डोकं लागतंच. गडबडणारा माणूस तिथं चालत नाही. पण बॉयलर चालवायला सक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं. केमिकल प्लांटच्या ऑपरेटरसाठी आयटीआयमध्ये वेगळा ट्रेड आहे. गेज चढतं तेव्हा कोणता व्हॉल्व्ह फिरवायचा हे ज्याला माहीत आहे, त्याचं डोकं आपोआप थंड राहतं. ते शिकवणारं वर्षच भाचा सोडायला निघाला होता.

मेसेजच्या शेवटी एक नंबर होता. भाच्याला शेजारी बसवून मी तो स्पीकरवर लावला. विचारलं, ‘भाऊ, पीएफ कापता का? जादा तास दुप्पट दरानं देता का?’

‘तुमी कोण बोलून राह्यले?’ एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.