"पेपर नाहीत, गॅरंटी नाही, नुसत्या चौकशा" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की लॅब्राडूडलचं (लॅब्राडोर आणि पूडल यांच्या क्रॉसचं) पिल्लू बघायला तुम्ही तळेगावला आलात तर आम्ही त्याचे केसीआय पेपर, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीचे कागद, दिले नाहीत, केस गळणार नाहीत याची गॅरंटी दिली नाही, पाच आठवड्यांचं पिल्लू न्यायला नाही म्हणालो आणि वर तुमच्याच घरची चौकशी केली. हे सगळं खरंय, आणि का ते इथेच लिहितो, म्हणजे पिल्लू शोधणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल.

आधी पेपरचं. केनेल क्लब ऑफ इंडिया क्रॉसची नोंदणीच करत नाही. आई लॅब्राडोर, बाप स्टॅंडर्ड पूडल, दोघांचे आपापले पेपर तुमच्यासमोर टेबलावर ठेवले होते, पण पिल्लाला स्वतःचा पेपर मिळूच शकत नाही. कुणी लॅब्राडूडलचं केसीआय सर्टिफिकेट देतो म्हणाला तर ते नक्की कुणाच्या नावाचं आहे ते नीट वाचा. खरं मागायचे असतात ते आईबापांचे हेल्थ रिपोर्ट. क्रॉस म्हणजे आपोआप दणकट असं लोक धरून चालतात, तसं अजिबात नाहीये. खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा त्रास लॅबला पण होतो आणि पूडलला पण, आणि डोळ्यांचा एक आनुवंशिक आजार आहे, पीआरए, ज्यात कुत्रं हळूहळू आंधळं होतं, त्याचा तोच जीनमधला दोष दोन्ही जातींत सापडतो, म्हणजे आईबाप दोघंही कॅरिअर, म्हणजे स्वतःला आजार नसून दोष अंगात असलेले, निघाले तर क्रॉस असूनसुद्धा पिल्लू आंधळं होऊ शकतं. म्हणून दोघांची डीएनए टेस्ट आणि दोन वर्षं पूर्ण झाल्यावर खुब्याचा एक्स-रे, त्यानंतरच मेटिंग. खर्च तिथे जातो सर.

आता केस. १९८९ साली ऑस्ट्रेलियात गाइड डॉगचं (अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांचं) काम करणाऱ्या वॉली कॉनरॉन यांनी हा क्रॉस केला तो हवाईतल्या एका दृष्टिहीन बाईंसाठी, त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी होती. तीन पिल्लं झाली आणि त्यातलं फक्त एक त्या गृहस्थांना चाललं. एकाच आईची तीन, तरी एकच! ॲलर्जी नुसत्या केसांची नसते, कातडीच्या कोंड्याची आणि लाळेची असते, आणि पहिल्या पिढीच्या क्रॉसमध्ये कुणाचे केस बापावर, म्हणजे कमी गळणारे, जातील कुणाचे आईवर हे पाच आठवड्यांच्या पिल्लाकडे बघून कुणीच सांगू शकत नाही. मिसेसना शिंका येतात असं तुम्हीच म्हणालात, मग मी कुठल्या तोंडाने गॅरंटी देऊ?

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही हा २०१७ चा केंद्राचा नियमच आहे, पण नियम नसता तरी दिलं नसतं. तुम्ही कुंपणापाशी उभे होतात तेव्हाच त्या चॉकलेटी पिल्लाने भावाचा कान जोरात धरला, भाऊ किंचाळून निघून गेला आणि हे पठ्ठं खेळायला कुणी नाही म्हणून बसून राहिलं. किती जोरात चावायचं नाही ते असंच शिकतात, आणि हे तुम्ही-आम्ही घरी शिकवायला गेलो तर फार अवघड जातं.

घरी दिवसभर कोण असतं, ब्रश कोण करणार, हे विचारलं त्याचा तुम्हाला राग आला. या कोटला, म्हणजे अंगावरच्या केसांना, रोज ब्रश लागतो आणि तो वरवर फिरवून चालत नाही, कानामागे आणि काखेत कंगवा कातडीपर्यंत जावा लागतो, नाहीतर गुंत्याचा नमदा होतो, पावसाळ्यात खाली ओल धरून कातडी लाल होते आणि मग अख्खं कुत्रं भादरावं लागतं. हे आधी न सांगता पिल्लू हातात देणं मला जमणार नाही.

दुसरीकडे निम्म्या किमतीत ३५ दिवसांचं मिळतंय असं तुम्ही लिहिलंय. निर्णय तुमचा, पण आई बघितल्याशिवाय आणि ती राहते ती जागा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, "आई गावाला आहे, पिल्लू हायवेला आणून देतो" म्हणणाऱ्याकडून तर मुळीच नको.

मिसेसना घेऊन या, आमच्याकडच्या मोठ्या डूडल्सबरोबर तासभर बसू दे, परत वेगळ्या दिवशी एकदा, आणि शिंका आल्या नाहीत तर पुढचं बोलू. येताना फक्त आदल्या दिवशी फोन करा, तोपर्यंत टोकन वगैरे काही मागत नाही.