पुतळा हटवायचा तर दिवसाढवळ्या हटवा

पुतळा म्हणजे इतिहास, तो काढला की इतिहास पुसला जातो, हे मला अजिबात पटत नाही. चार दिवसांपासून आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर हाच विषय पेटला आहे. तिथे शिव्याच जास्त होतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

इतिहास पुस्तकात असतो, दप्तरात असतो, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतो. चौकात चबुतऱ्यावर असतो तो मान. गावाने, शहराने, सरकारने कुणाला तरी दिलेला मान. दिलेला मान परत घेता येतो.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचं बघा. एडवर्ड कोल्स्टन हा गुलामांच्या व्यापारातला बडा माणूस १७२१ मध्ये मेला. त्याचा पुतळा बसला १८९५ मध्ये, म्हणजे पावणेदोनशे वर्षांनी. ज्या रॉयल आफ्रिकन कंपनीच्या कारभारात तो होता, तिने त्याच्या काळात सुमारे ८४ हजार माणसं जहाजात कोंबून नेली आणि त्यातली १९ हजार वाटेतच मेली, असा अंदाज आहे. पुतळ्याखालच्या पाटीवर यातलं एक अक्षर नव्हतं. शहराचा सद्गुणी आणि शहाणा सुपुत्र, असं कौतुक मात्र होतं. निदान पाटी तरी बदला, अशी मागणी झाली, तर मजकुरावरच गाडं अडलं. शेवटी ७ जून २०२० ला लोकांनी दोर लावून पुतळा पाडला आणि बंदरात ढकलला. पालिकेने तो बाहेर काढला. आज तो तिथल्या संग्रहालयात, अंगावर फासलेल्या रंगासकट, आडवा ठेवलेला आहे. कोल्स्टनने काय केलं हे आपल्यासारख्या परक्या मुलखातल्या माणसाला कळलं ते पुतळा पडल्यावर. सव्वाशे वर्षं तो उभा होता तेव्हा नाही.

आपल्या देशालाही हे नवं नाही. १८५७ मध्ये लोकांना झाडांना लटकवणाऱ्या जनरल नीलचा पुतळा मद्रासच्या माउंट रोडवर होता. तो हटवावा म्हणून १९२७ मध्ये सत्याग्रह झाला, पोरं तुरुंगात गेली, आणि १९३७ मध्ये राजाजींचं सरकार आल्यावर तो रस्त्यावरून निघाला. दिल्लीच्या इंडिया गेटजवळचा पंचम जॉर्ज १९६८ मध्ये हलला. यामुळे इंग्रजी राजवट कुणी विसरलं का?

मला आतून टोचतो तो जयपूरचा पुतळा. राजस्थान उच्च न्यायालयाच्या आवारात मनूचा पुतळा आहे. १९८९ मध्ये बसवला. त्याच वर्षी न्यायाधीशांच्या बैठकीत तो हटवायचं ठरलं, त्यावर याचिका झाली, स्थगिती आली आणि पुतळा तिथेच राहिला. २०१८ मध्ये आपल्या महाराष्ट्रातून गेलेल्या दोन बायांनी त्याला काळं फासलं. ज्या ग्रंथाची होळी बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला केली, त्याच्या कर्त्याचा पुतळा न्यायालयात! जमिनीच्या वादात, अत्याचाराच्या प्रकरणात न्याय मागायला गेलेली दलित बाई त्याच्यासमोरून जाते, तेव्हा तिला काय वाटत असेल? तो पुतळा तिथून हटलाच पाहिजे. संग्रहालयात ठेवा, खाली सगळी माहिती लिहा, शाळेच्या सहली न्या. न्यायालयाच्या आवारात नको.

यावर ग्रुपवरचे काही शहाणे म्हणतात, मग सगळेच काढा, चौक मोकळे करा, भांडणच नको. ऐकायला बरं वाटतं. सर्वोच्च न्यायालयानेही १८ जानेवारी २०१३ ला सार्वजनिक रस्त्यांवर, फुटपाथवर पुतळ्यांना परवानगी देऊ नका असं राज्यांना सांगितलं आहे, आणि रहदारीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण "सगळेच" म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या गावात यावं.

आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतला बाबासाहेबांचा पुतळा साध्या सिमेंटचा आहे. निळा कोट, हातात संविधान. दरवर्षी १४ एप्रिलच्या आधी वस्तीतले पोट्टे त्याला रंग देतात. ऑइलपेंटचे इतके थर चढलेत की बोटांमधल्या फटी बुजल्या आहेत. बायांनी कापूस वेचणीच्या मजुरीतून वर्गणी काढून तो बसवला. भोवती लोखंडी जाळी आहे, तिला कुलूप आहे. जाळी का, हे ११ जुलै १९९७ आठवणाऱ्याला सांगावं लागत नाही. मुंबईच्या रमाबाई नगरात पुतळ्याला चपलांचा हार घातला गेला, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात १० जण मेले. वस्तीतली एक आजी मला म्हणाली, "आमचं म्हनून गावात येवढंच एक हाय, बाप्पा." ज्यांना कालपरवापर्यंत चौकात उभं राहू दिलं नाही, त्यांना आता सांगायचं की चौकच मोकळा करतो? याला मी समान न्याय म्हणणार नाही.

म्हणून माझ्या लेखी प्रश्न असा आहे: त्या पुतळ्याखालून रोज कुणाला जावं लागतं आणि त्याचा त्रास कुणाला होतो? पहिलं बोलणं त्यांचं. घानाच्या विद्यापीठातून २०१८ मध्ये गांधीजींचा पुतळा हटवला. तरुणपणी आफ्रिकन लोकांबद्दल त्यांनी जे लिहिलं त्यावर तिथल्या प्राध्यापकांचा, विद्यार्थ्यांचा आक्षेप होता. सेवाग्राम ज्या मातीत आहे तिथल्या माणसाला हे वाचून वाईट वाटतं. मलाही वाटलं. पण आवार त्यांचं आहे, निर्णयही त्यांचाच.

आता पद्धतीबद्दल. पुण्यात २०१० मध्ये लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा पालिकेने ठराव करून काढला, पण काढला रात्रीच्या अंधारात. २०१७ मध्ये तिथेच नाटककार राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी रात्री उखडून मुठा नदीत टाकला. आमच्या अमरावतीत २०२२ च्या जानेवारीत राजापेठ उड्डाणपुलावर परवानगीशिवाय शिवरायांचा पुतळा बसला, पालिकेने बंदोबस्तात हटवला, आणि पुढच्याच महिन्यात आयुक्तांवर शाई फेकली गेली. तिथे शिवरायांबद्दल कुणाचाच आक्षेप नव्हता, वाद परवानगीचा होता. खेड्यात तर बहुतेक वेळा हेच होतं. रातोरात चबुतरा उभा राहतो, सकाळी पोलिसांच्या गाड्या येतात, बाजार उठतो. सांभार (कोथिंबीर), वांगी घेऊन आलेली बाई भरल्या टोपल्यानिशी परत जाते. तिला कुणी विचारलेलंच नसतं, बसवतानाही आणि हटवतानाही.

आणि विचारायची सोय कायद्यात आहे. आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती कागदावरच होते, रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेतात. येत्या ग्रामसभेत मी लेखी मागणी देणार आहे: गावात पुतळा बसवायचा, हलवायचा किंवा काढायचा कोणताही विषय आधी महिला सभेत यावा. ज्या वस्तीला त्याची झळ लागते तिचं म्हणणं इतिवृत्तात शब्दशः लिहावं. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय कुदळ लागू नये. आणि काढायचं ठरलंच तर सकाळी दहाला, सगळ्यांसमोर, धक्का न लावता काढून सरकारी संग्रहालयाला द्यावा. तुमच्या गावात अशी मागणी द्यायची असेल तर अर्जाचा मसुदा मी कमेंटमध्ये टाकतो. सरपंचाची पोच मात्र घ्या.