खुब्याचा आजार, ब्रीडर आणि आपण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कुत्र्यांच्या हिप डिसप्लेजियावर, म्हणजे खुब्याचा सांधा सैल राहून झिजण्याच्या आजारावर, मी लिहिलेल्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘हिप डिसप्लेजिया आनुवंशिक आहे. फरशी, जिना, खाणं यांवर बोट ठेवून तुम्ही ब्रीडरला मोकळं सोडता आणि जीव लावणाऱ्या मालकांना अपराधी ठरवता,’ असं तुम्ही लिहिलंत. तुमचा लॅब्राडोर दीड वर्षाचा असतानाच लंगडायला लागला, हे वाचून फार वाईट वाटलं. मूळ लेखात ब्रीडरच्या, म्हणजे पिल्लांची पैदास करणाऱ्याच्या, जबाबदारीवर मी जेमतेम एक वाक्य लिहिलं होतं. ती चूक मान्य.

तुमचा मुद्दा खराच आहे. अमेरिकेत अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या ‘द सीइंग आय’ या संस्थेनं खुबे तपासून पैदाशीसाठी नर-मादी निवडले. पाच पिढ्यांच्या आतच जर्मन शेफर्डमध्ये या आजाराचं प्रमाण 55 टक्क्यांवरून 24 वर आलं, लॅब्राडोरमध्ये 30 वरून 10 वर. त्यामुळे एक्स-रे न काढता पिल्लं विकणाऱ्याची मी बाजू घेणार नाही. केसीआयच्या (केनेल क्लब ऑफ इंडियाच्या) कागदावर वंशावळ असते, सांध्याची हालत नसते. माझ्या कुत्र्याला, ब्रुनोला, आणताना हे मला ठाऊक नव्हतं.

पण त्याच आकड्यांत उरलेले 10 टक्केही आहेत. हा एका जनुकाचा खेळ नाही, त्यात अनेक जनुकं आहेत. म्हणून चांगल्या खुब्यांच्या आई-बापांनाही असं पिल्लू होतं. शिवाय जन्मतः खुबा बहुधा ठीकच दिसतो. सैलपणा पुढच्या काही आठवड्यांत येतो. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत घट्ट बसला तर दोघं एकमेकांना आकार देत वाढतात, सैल राहिला तर प्रत्येक पावलाला वाटीची कड झिजते. त्या वेळी अंगावर वजन किती आहे, याला म्हणूनच महत्त्व आहे.

ज्या प्रयोगामुळे माझं मत बदललं तो लॅब्राडोरवरचाच. 48 पिल्लांच्या 24 जोड्या केल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं, आणि तेही जन्मभर. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य 13 वर्षं भरलं, दुसऱ्यांचं 11.2. सांध्यांच्या झिजेवर उपचार सुरू करावे लागले ते कमी खाणाऱ्यांत 13.3 व्या वर्षी, दुसऱ्यांत 10.3 व्या. जोडीतली दोन्ही पिल्लं एकाच वेतातली होती. म्हणजे तीन वर्षांचं दुखणं पुढे ढकललं गेलं ते केवळ ताटलीमुळे! गुबगुबीत लॅब्राडोर बघून आपल्याकडे लोक ‘काय छान पोसलाय’ म्हणतात, तेव्हा मला हे आठवतं.

जिन्याचं मी मनानं लिहिलं नव्हतं. नॉर्वेतल्या मोठ्या जातींच्या कुत्र्यांच्या अभ्यासात तीन महिन्यांच्या आत रोज जिना चढणाऱ्या पिल्लांना धोका जास्त दिसला. याउलट मऊ, थोड्या उंचसखल जमिनीवर मोकळं खेळणाऱ्यांना तो कमी होता. कॅल्शियमचं म्हणाल तर विकणाऱ्यानं बरोबर दिलेलं सिरप मी ब्रुनोला चार महिने पाजलं. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या तयार खाण्यात कॅल्शियम असतंच, वरून दिलेल्यानं हाडांच्या वाढीत बिघाड होऊ शकतो. मला ते नंतर कळलं, तुम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. याला मी अपराध म्हणत नाही. पण पुढच्या माणसाला वेळेत कळावं म्हणून ते लिहायलाच हवं.

एक विनंती. तुमच्या कुत्र्याच्या भावंडांच्या मालकांशी ओळख असेल तर त्यांना एक्स-रे काढायला सांगा आणि तुमचा रिपोर्ट ब्रीडरकडे लेखी पाठवा. त्या आईला पुन्हा गाभण करावं की नाही, हे ठरवताना तिच्या सगळ्या पिल्लांचे खुबे मोजले जायला हवेत. आणि तुमच्या लॅब्राडोरचं सध्याचं वजन मला कळवा. डॉक्टरांनी ते किती उतरवायला सांगितलंय?